पावसाळ्यानंतर ब्लास्टरचा दम का जातो, आणि दरवर्षी का जातो

तक्रार साधारण एकाच सुमाराला येते, गणपती ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत. मे महिन्याच्या सुट्टीत गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फोमची गोळी पोचवणारा ब्लास्टर, म्हणजे खेळण्यातली बंदूक, आता चार-पाच पावलांवर गोळी टाकतो. नवे सेल घातले की दोन दिवस बरा चालतो, मग ये रे माझ्या मागल्या. कोणी आत शिलाई मशीनचं तेल सोडतं, कोणी स्प्रिंग जास्त ताणून बसवतं, कोणी सरळ नवा ब्लास्टर आणतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात नव्याचीही तीच गत होते.

आमच्या वसाहतीतल्या मुलांचे ब्लास्टर आणि कॉस्प्ले, म्हणजे सिनेमा-गेममधल्या पात्रांसारखा पेहराव, करणाऱ्या मित्रमंडळींची नकली शस्त्रं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यांतल्या बहुतेकांची स्प्रिंगही शाबूत असते आणि मोटरही. आत शिरलेलं असतं ते मीठ. ते काढलं नाही तर बाकी कितीही खटपट केली तरी दुखणं उलटतं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. ते खिडकीच्या गजांवर बसतात तसेच सेलच्या पट्ट्यांवर, स्विचच्या आतल्या पत्र्यावर आणि स्क्रूंवरही बसतात. उन्हाळ्यात ते निमूट पडून असतात. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. म्हणजे ब्लास्टरवर पावसाचा थेंबही पडलेला नसताना त्याच्या पट्ट्यांवर चार महिने खारट पाण्याचा पातळ थर राहतो. वरळी, दादर, वर्सोवा इथे हे लवकर होतं, मुलुंड-ठाण्याकडे जरा उशिरा. थर कोरड्या फडक्यानं पुसला तर गंज निघतो, मीठ मात्र खाचांत राहतं आणि पहिल्याच दमट दिवशी काम पुन्हा सुरू करतं. नवे सेल घातल्यावर दोनच दिवस बरं का वाटतं, याचं हे उत्तर आहे.

आधी मोजून बघा

खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर जाऊ नका. तिथे ७५ फूट किंवा ९० फूट असतं ते नळी वर तिरकी करून गाठलेलं जास्तीत जास्त अंतर. घरातली चाचणी वेगळी हवी. ब्लास्टर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरच्या थोडं वर, अगदी आडवा धरा आणि मोकळ्या पॅसेजमध्ये गोळी मारा. या उंचीवरून कुठलीही वस्तू जमिनीवर यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, मग ती हातातून सोडलेली असो की आडवी मारलेली. त्या अर्ध्या सेकंदात गोळी किती पुढे गेली यावरून तिचा वेग कळतो. चांगल्या स्थितीतल्या ब्लास्टरमधून गोळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास सुटते आणि हवेचा अडथळा धरून आठ-साडेआठ मीटरवर पडते. बहुतेक इमारतींच्या पॅसेजमध्ये दोन फुटी लाद्या असतात. गोळी तेरा-चौदा लाद्या ओलांडून पडली तर ब्लास्टर ठीक आहे. सात-आठ लाद्यांवरच पडली तर वेग निम्म्यावर आलाय. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. प्रत्येक उपायानंतर पुन्हा मोजलं की नेमकं कशामुळे सुधारलं ते समजतं. नाहीतर तीन गोष्टी एकदम करायच्या आणि गुण कशाचा ते कळायचंच नाही, असं होतं.

मोजताना नव्या आणि जुन्या, दोन्ही गोळ्या मारून बघा. नवी गोळी लांब जाते आणि जुनी जवळ पडते असं दिसलं तर ब्लास्टर उघडूच नका, दोष गोळीत आहे. हे सगळ्यांत जास्त वेळा निघतं आणि सगळ्यांत शेवटी तपासलं जातं, याचं मला वाईट वाटतं, कारण तोवर कोणीतरी ब्लास्टर खोलून त्यातली एखादी बारीक स्प्रिंग हरवलेली असते.

गोळी पाणी पिऊन जड झाली असेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. १९६९-७० च्या सुमाराला घरात फेकायचा चेंडू म्हणून नर्फ या खेळण्यांच्या ब्रँडचा पहिला चेंडू निघाला तो पॉलीयुरेथेनच्या फोमचा होता. तसा स्पंजासारखा फोम पाणी शोषतो. गोळ्यांचा फोम वेगळा. त्याच्या आतल्या हवेच्या कप्प्यांना बाहेर वाट नसते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. गोळी बिघडते ती दबल्यामुळे. पावसात खेळ बंद पडतो, मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, गच्च भरून ड्रॉवरमध्ये पडतं आणि तळाची स्प्रिंग गोळ्यांना चार महिने वर रेटत राहते. गोळ्या वाकतात, पोटाशी चपट्या होतात. एवढ्यानं नळीत फट राहते आणि हवा बाजूनं निसटते. दबलेली गोळी उकळत्या पाण्याच्या वाफेवर चिमट्यात धरून काही सेकंद फिरवली तर फोम बराचसा भरून येतो. हे काम मोठ्या माणसानंच करायचं. एकदा दुमडून चीर पडलेली गोळी मात्र फेकून द्या.

गोळीची रबरी टोपी हलत असेल तर सायकलच्या पंक्चरला लावतात ते रबर सोल्यूशन लावा. झटपट चिकटणारा डिंक वापरला तर तो वाळून दगडासारखा कडक होतो, आणि ज्या टोकानं समोरच्या मुलाला लागायचं ते टोक कडक झालेलं चालणार नाही.

मोटरवाला ब्लास्टर: कानानं ओळखा

मोटरच्या ब्लास्टरमध्ये दोन चाकं एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात आणि मधून जाणाऱ्या गोळीला चिमटून पुढे फेकतात. गोळी न घालता मोटरचा खटका दाबा आणि नीट ऐका.

आवाज चढत चढत बारीक होऊन स्थिर झाला, तरी गोळी जवळच पडते, तर चाकं वेगानं फिरतायत पण गोळीवरची पकड सुटतेय. याचं कारण तेल. कोणीतरी कधीतरी आत तेल सोडलेलं असतं, ते उडून चाकांवर बसतं, त्यावर धूळ आणि फोमचा चुरा चिकटतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चाकांचा काठ पुसा. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा. चाकांना तेल कधीच लावायचं नसतं.

आवाज जाडा, ओढल्यासारखा येतो आणि गोळी आत शिरताच आणखी खाली बसतो, तर मोटरला वीज पुरत नाहीये. पावसाळ्यानंतरचा खरा आजार हाच. हिशेब साधा आहे. चार पेन्सिल सेलचे मिळून सहा व्होल्ट. जोर लागला की दोन मोटरी मिळून तीन अँपिअर सहज ओढतात. गंजलेल्या पट्ट्यांचा रोध सगळा मिळून अर्धा ओहम झाला तरी दीड व्होल्ट तिथल्या तिथे जळतात. म्हणजे चारांपैकी एक सेल आपण नुसता गंज तापवायला घातला. नव्या सेलांनी थोडे दिवस हे झाकलं जातं, इतकंच. मल्टिमीटर असेल तर खटका दाबून ठेवून आधी सेलांवर आणि मग मोटरच्या टोकांवर व्होल्ट बघा. दोन आकड्यांत एक व्होल्टच्या वर फरक दिसला तर तो कुठल्या पट्टीत किंवा स्विचमध्ये जातोय ते एकेक टप्पा मोजत शोधा. साधा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो आणि घरात इतर दहा कामांना लागतो.

आता पट्ट्यांची साफसफाई. यातला क्रम महत्त्वाचा आहे. सेल काढा. पट्टीवर पांढरी पावडर फुटलेली असेल तर सेल कुठला होता ते बघा. अल्कलाइन सेलमधून झिरपतो तो क्षार, त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागतं. कापसाच्या काडीनं लावलं की बारीक फसफसतं. साध्या, स्वस्त झिंक-कार्बन सेलची गळती उलट आम्लाकडे झुकणारी असते, तिच्यावर लिंबू चोळून काही साधत नाही. खाण्याच्या सोड्याचं पाणी लावा. मग बारीक पॉलिश पेपरनं पट्टी उजळेपर्यंत घासा. पण फार घासू नका, वरचा निकेलचा मुलामा निघून खालचं लोखंड उघडं पडलं तर पुढच्या वर्षी गंज दुप्पट येईल. आणि यानंतरची पायरी, जी जवळजवळ कोणीच करत नाही: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर काडीला घेऊन प्रत्येक पट्टी, प्रत्येक खाच दोन-तीनदा धुवा. मीठ पाण्यातच विरघळतं. अल्कोहोलनं तेल जातं, मीठ जवळजवळ जात नाही. धुऊन झाल्यावर पाणी हटवायला शेवटचा हात अल्कोहोलचा फिरवा. पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा. सकाळी पट्ट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा, म्हणजे पुढचं मीठ धातूला भिडणार नाही.

खटक्याशिवाय आत आणखी एक-दोन छोटे स्विच असतात, मॅगझिन नीट बसलंय का आणि वरचं झाकण बंद आहे का ते तपासणारे. मोटर अजिबातच फिरत नसेल तर आधी हे दोन्ही नीट दाबून बंद करा. तरीही फिरत नसेल तर त्यांचीच टोकं गंजलेली असतात आणि त्यांनाही वरचीच आंघोळ घालायची.

सेल कुठले घ्यावेत? खेळणं नियमित वापरात असेल तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड. एकेक १.२ व्होल्टचाच असतो म्हणून लोक कचरतात, पण जोर आला तरी त्याचा व्होल्ट खाली बसत नाही. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. अशक्त सेल बाकीच्यांच्या ओढीत उलटा भरला जातो आणि तोच आधी गळतो. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल हल्ली बाजारात दिसतात. ते चार घातले की जवळजवळ पंधरा व्होल्ट होतात. ब्लास्टर दोन दिवस जबरदस्त चालतो, मग वायर वितळते, आणि लिथियम सेल तापला तर पेट घेऊ शकतो. मुलाच्या हातातल्या वस्तूत हे करू नका.

स्प्रिंगवाला ब्लास्टर

हा हातानं ताणायचा. यात सेल नाहीत म्हणून दमटपणाचा त्रास नाही, असं समजू नका. आत एक दट्ट्या असतो, त्याच्या गळ्यात रबराची ओ रिंग. दट्ट्या पुढे येतो, हवा दाबली जाते, गोळी सुटते. ओ रिंग कोरडी पडली की हवा मागेच निसटते. तपासायची रीत अशी: नळीत एक गोळी घाला, ब्लास्टर ताणा, नळीचं तोंड जुन्या रबरी चपलेच्या तळाशी घट्ट टेकवा आणि घोडा ओढा. हात किंवा तोंड नळीसमोर आणायचं नाही. सील चांगलं असेल तर दट्ट्या दाबलेल्या हवेवर रेलत हळू पुढे येतो, सूं असा आवाज येतो. खाडकन आपटला तर हवा गळतेय.

खोलायच्या आधी फोटो काढा. पुठ्ठ्यावर ब्लास्टरचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की प्लॅस्टिक फाटतं. ब्लास्टर ताणलेला नाही याची खात्री करूनच वरचा अर्धा भाग उचला.

ओ रिंग काढून सुती फडक्यानं पुसा, जुनं चिकट तेल दट्ट्यावरूनही काढा. मग सिलिकॉन ग्रीस. हे आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे हमखास असतं, छोट्या डबीत मिळतं. गंज सोडवायचे स्प्रे इथे मारू नका. त्यांतले पेट्रोलियमचे घटक पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकला ठिसूळ करतात, आणि स्प्रे उडून गेला की रबर पुन्हा कोरडंच. खोबरेल तेल तर नकोच, मुंबईतल्या डिसेंबरच्या पहाटेसुद्धा ते घट्ट होऊ लागतं आणि पुढे खवट, चिकट होऊन बसतं. ओ रिंग सैल वाटली तर तिच्या खाचेत प्लंबरची टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळा आणि वर रिंग बसवा; ती थोडी फुगून नळीला भिडते. चिरलेली असेल तर जुनी रिंग खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जा. तिथे ओ रिंग आणि ऑइल सीलची दुकानं आहेत, मापाला माप लावून देतात. फोटो दाखवून उपयोग नाही, वस्तूच न्या.

जास्त कडक स्प्रिंग घालण्याचा मोह टाळा. गळणाऱ्या सीलमागे कडक स्प्रिंग लावली तर हवा तेवढ्याच जोरात गळते आणि दट्ट्या आपटून पुढची भिंत तडकते.

ठिणग्यांच्या बंदुका, टिकल्या, नकली शस्त्रं

जुन्या पत्र्याच्या, घोडा ओढला की ठिणग्या उडणाऱ्या अंतराळ-पिस्तुलांचा एक छोटा पण मनापासून जपणारा गट मुंबईत आहे. चोर बाजारात अजून अधूनमधून एखादी सापडते. या प्रकाराची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत डेझी कंपनीनं १९३४ साली काढलेली एक्सझेड-३१ रॉकेट पिस्तूल दाबलेल्या पत्र्याची होती आणि गोळी न सोडता फक्त आवाज करायची. ठिणग्यांच्या बंदुकीत पाठीमागे लायटरचा खडा असतो, खरखरीत चाकावर घासणारा. तो लोखंड आणि सेरियम यांच्या मिश्रणाचा, म्हणून दमट खाऱ्या हवेत फुगून भुगा होतो. ठिणगी पडत नसेल तर चाक बदलू नका, खडा बदला. लायटरचे खडे पानाच्या टपरीवरही मिळतात. जुना भुगा ब्रशनं पूर्ण झाडा, नाहीतर नवा खडा खाचेत अडकतो. पत्र्याच्या जोडावर मेणाचा पातळ हात दिला तर तिथून सुरू होणारा गंज लांबतो.

दिवाळीच्या टिकल्या फुसक्या निघतात त्याचं कारण बहुधा बंदूक नसतंच. माल पावसाळाभर गोदामात पडलेला असतो. टिकल्या तव्यावर किंवा उन्हात तापवून सुकवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, ते मिश्रण घासण्यानं आणि उष्णतेनं पेटतं. डबी परत करा, दुसरी आणा.

कॉस्प्लेच्या शस्त्रांत उडत काहीच नाही, पण दिवे आणि आवाज असतात. दिवा लुकलुकत असेल तर पट्ट्यांचा उपाय वर दिलाच आहे. भाग जोडायला बसवलेल्या निओडिमियम चुंबकांचा निकेलचा मुलामा एकदा टवका उडाला की आतून पावडर होते; बसवण्याआधीच नेलपॉलिशचे दोन हात द्या. थ्रीडी प्रिंट केलेलं, पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचं शस्त्र साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवलं तर नळी वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. काळ्या रंगाचं, खरं वाटणारं शस्त्र घेऊन कार्यक्रमाला जाताना ते बॅगेत, सुटं करून न्या. लोकलच्या गर्दीत शेजारच्याला ते खेळणं आहे हे कळत नाही, आणि त्याला घाबरवायचा आपल्याला हक्क नाही.

मे महिन्यातच करायची कामं

सेल काढून ठेवा. प्रत्येक खेळण्यातले, रिमोटच्या गाडीतलेसुद्धा. मॅगझिन रिकामं करा, गोळ्या सुट्या पसरून डब्यात ठेवा, ब्लास्टर ताणलेला ठेवू नका. वरच्यासारखी मीठ धुऊन काढायची आंघोळ एकदा घाला आणि पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद करा. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या चालतात, पण त्या वर्षभर उघड्यावर पडलेल्या असतील तर आधीच भरलेल्या असतात, ताज्या घ्या. रंग बदलणारे निळे दाणे लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. डब्यात तांदूळ टाकण्याची पद्धत सोडून द्या, तांदूळ फार कमी ओल ओढतो आणि त्याची पीठधूळ खटक्यात जाते. पोटमाळ्यावर किंवा बाल्कनीतल्या कपाटात डबा ठेवू नका, आतल्या खोलीत पंख्याची हवा खेळते तिथे ठेवा.

नवीन घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्ह नसलेल्या स्वस्त ब्लास्टरमध्ये पट्ट्या इतक्या पातळ पत्र्याच्या सापडतात की एकदा पॉलिश पेपर मारला की संपल्या.

एवढं सगळं करूनही मोटर जाड्या आवाजातच फिरत असेल, आणि तिच्या टोकांवर व्होल्ट पूर्ण पोचत असतील, तर मोटर गेली. १३० आकाराची मोटर मागा, जुनी सोबत न्या आणि दांड्याची लांबी जुळवून घ्या. जुन्या दांड्यावरून चाक काढताना खालून स्क्रू ड्रायव्हर घालून एकाच बाजूनं उचकटू नका. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचला, नाहीतर चाकाला तडा जातो. केसाएवढा तडा दिसला तरी ते चाक लावू नका. ते मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या पुढे फिरतं, आणि ब्लास्टर धरणाऱ्याचा गाल त्याच्यापासून वीतभरही लांब नसतो.